निळा क

नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य कोणतं, असं कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन: 'सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.' आणि सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं? 'सद्यःस्थितीत अनुदान उपलब्ध नाही.' पहिलं वाक्य मी लोकांना लिहीत असे, दुसरं मला वरून येत असे. या दोन वाक्यांचं नातं काय, हे समजायला फार डोकं लागत नाही. ज्यांना समजायला हवं होतं त्यांना ते माझ्या सगळ्या नोकरीत समजलं नाही, आणि मी निवृत्त झाले.

मी अभिलेखापाल होते. साध्या भाषेत, रेकॉर्ड रूमची बाई. कचेरी याच अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातली; कोणती ते लिहीत नाही. माझं पेन्शन अजून 'तात्पुरतं' म्हणूनच चालू आहे, आणि ते तसं का, हे पुढे येईलच. उगाच आणखी एक नोटीस कशाला ओढवून घ्या.

कचेरीत कुणाची रेकॉर्डला बदली झाली की बाकीचे त्याच्याकडे दवाखान्यातल्या माणसाकडे बघावं तसे बघतात. तिथे पंख्याखालचं टेबल नाही, खिडकी नाही, कुणी चहा पाठवत नाही. आहे ती धूळ, वाळवी आणि लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. या गठ्ठ्याला आम्ही बस्ता म्हणतो. प्रत्येक बस्त्यावर दोरीखाली एक पुठ्ठ्याची पाटी असते, तिच्यावर गाव, विषय वगैरे लिहिलेलं असतं. आमची खोली तळमजल्यावर, मागच्या अंगाला, आणि तिच्या बरोबर वर बाथरूम. होय, जुन्या कागदांच्या डोक्यावर बाथरूम. हा नकाशा कुणी मंजूर केला ते मी एकदा रागाच्या भरात शोधून काढलं होतं. सही माझ्याच खोलीतल्या एका बस्त्यात सापडली, अर्धी ओली.

या कामातली एकच गोष्ट बाहेरच्या माणसाला कळली तरी पुरे. सरकारातल्या प्रत्येक कागदाला एक अक्षर असतं. अ म्हणजे कायमचा जपायचा. ब म्हणजे तीस वर्षं. क म्हणजे दहा वर्षं. ड म्हणजे वर्षभर, मग रद्दी. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात हे अक्षर काळ्या शाईने लिहायचं. त्या अक्षरावर कागदाचं आयुष्य ठरतं, त्यामुळे अक्षर चुकलं की कागद गेला. बाकी मग फाइल शोधणं, नक्कल काढून देणं, शिक्का मारणं, हे कुणालाही जमेल.

दरवर्षी मी एक प्रस्ताव पाठवायची. मागणी तीनच गोष्टींची: लोखंडी रॅक, वाळवीचं औषध, आणि वरची गळती बंद करणे. एकदा उत्तर आलं, 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा.' त्रुटी काय, तर मी रॅकची लांबी लिहिली होती, उंची नव्हती. पुढच्या वर्षी उंची लिहिली. तेव्हा कळवण्यात आलं की ही बाब फर्निचरखाली येत नसून बांधकामाखाली येते. बांधकामवाले म्हणाले, सुटी वस्तू आमच्याकडे येत नाही. तेव्हाचे साहेब मला समजावून सांगायला लागले, "मॅडम, रॅक भिंतीला ठोकला की तो बांधकामात जातो."

"साहेब, पण तो आल्याशिवाय ठोकू कसा?"

त्यावर ते हसले. मीही हसले. बस्ते जमिनीवरच राहिले, एकावर एक, छातीइतके उंच.

एका वर्षी मात्र खरंच पैसे आले. मी धावत जाऊन पत्र वाचलं तर ते कार्यालयाच्या सुशोभीकरणाचे होते. त्यातून माझ्या दारावर पितळी अक्षरांत 'अभिलेख कक्ष' अशी पाटी लागली आणि आत तीन मोठ्या कुंड्या आल्या. खिडकी नसलेल्या खोलीत झाडं किती दिवस जगणार? झाडं मेल्यावर कुंड्या मी गळतीखाली ठेवल्या. सरकारी पैशाचा इतका योग्य विनियोग त्या इमारतीत दुसरा झाला नसेल.

अशा खोलीतही गिऱ्हाइकं यायची, आणि एकेक नमुना यायचा. अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच गल्लीत राहणारे एक निवृत्त गुरुजी स्वतःची जन्मनोंद शोधायला आले होते. दोन दिवस बसून मी ती काढली, तर गुरुजी शाळेच्या दाखल्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे निघाले. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "ताई, मुलांना कळलं तर काय म्हणतील, बाबा तीन वर्षं जास्त नोकरी खाऊन बसले. सापडलीच नाही असं लिहून द्या ना." जी नोंद हवी असते ती सापडत नाही म्हणून लोक माझ्यावर ओरडायचे, हे पहिले गृहस्थ सापडली म्हणून हात जोडत होते. मी त्यांना सांगितलं, तुम्ही अर्जच मागे घ्या, मी काहीच पाहिलं नाही. आजही बाजारात दिसले की ते माझ्या हातातली पिशवी घ्यायला बघतात.

हे सगळं मी चेष्टेत लिहिते आहे, कारण यापुढचं चेष्टेत लिहिता येणार नाही.

माझ्याआधी या खोलीत अण्णा होते. मोडी वाचणारे आमच्या कचेरीतले शेवटचे. मला जी काही मोडी येते ती त्यांनी डब्याच्या सुट्टीत शिकवलेली. आमच्या खोलीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे कोतवाल बुक. पूर्वी गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वही ठेवायचा: अमुक तारखेला अमक्याला मुलगा झाला, बापाचं नाव, जात. आज जातीच्या दाखल्याची पडताळणी करायची तर आजोबा-पणजोबाची हीच नोंद लागते. ही बुकं अर्थातच अ वर्गातली.

डोंगराकडच्या वाड्यांतून ठाकर मंडळी नोंदी काढायला यायची. ठाकरांत क ठाकर आणि म ठाकर असे दोन भेद, आणि जुन्या वह्यांत तसंच लिहिलेलं असतं. ही माणसं पहाटे घर सोडून, मजुरी बुडवून यायची, आणि त्यांना दिवसभर दारात बसवायचं अण्णांच्या जिवावर यायचं. म्हणून त्यांनी एक सोय केली. ज्या बुकात क ठाकरांच्या नोंदी, त्या बस्त्याच्या पाटीवर निळ्या पेन्सिलीने तळहाताएवढा क. ज्यात म ठाकरांच्या, त्यावर तेवढाच म. लांबून दिसायचं, बस्ता झटकन ओढता यायचा. निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या देताना अण्णांनी मला हे सांगितलं आणि वर म्हणाले, "कुठेतरी टिपून ठेवा हो."

मी हो म्हटलं. टिपून काही ठेवलं नाही. मला माहीत होतं ना, मग टिपायचं कशाला. जिथे उंदरांच्या पिंजऱ्यांचीसुद्धा नोंदवही होती, त्या खोलीत ही एक गोष्ट फक्त माझ्या डोक्यात राहिली.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना, फेब्रुवारी सरता सरता, आमच्याकडे निधी आला. रॅकसाठी नाही. संगणकीकरणासाठी. जुने कागद स्कॅन करायचे, आणि एकतीस मार्चच्या आत पैसे खर्च करायचे, नाहीतर ते परत जाणार. ज्या सरकारला माझे कागद जमिनीवरून हातभर उचलायला पैसे नव्हते, त्याच सरकारकडे त्यांचे फोटो काढायला होते. एक एजन्सी नेमली गेली. तिची माणसं यंत्रं घेऊन आली आणि दारातच थांबली, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, क आणि ड वर्ग काढून टाका. जागा होईल."

"काढते, पण एकेक बस्ता सोडून बघावा लागतो साहेब. चार महिने तरी लागतील."

"आठ दिवस आहेत."

"आठ दिवसांत तर मी नुसत्या गाठी सोडीन."

"मग तुम्ही नका सोडू. एजन्सीची माणसं काढतील. पाटीवरचं अक्षर तर वाचायचंय."

एजन्सीच्या माणसांनी पाटीवरचं अक्षर वाचलं. क दिसला की बाहेर, ड दिसला की बाहेर. मग यंत्रं मांडली. त्यांना पानामागे पैसे मिळायचे, त्यामुळे त्यांनी कोरी पानंही मोठ्या निष्ठेने स्कॅन केली, आणि जी पानं हात लावताच तुटायची, म्हणजे खरं तर जी आधी करायला हवी होती, ती बाजूला ठेवली. मी सांगून सांगून दमले. कोऱ्या पानांचे ते उत्तम फोटो आजही सरकारी संगणकात सुरक्षित असतील.

एकतीस मार्चला नष्टीकरणाची यादी माझ्यापुढे आली. नष्ट करायच्या कागदांची ही यादी, आणि तिच्या शेवटी एक छापील ओळ असते: 'वरील प्रत्येक संचिका प्रत्यक्ष उघडून पाहिली असून ती नष्ट करण्यास हरकत नाही.' खाली अभिलेखापालाची सही. मी एकही संचिका उघडून पाहिली नव्हती. मी सही केली. माझा हात धरून कुणी करून घेतली नाही. घशात धूळ होती, दिवस संपत आला होता, आणि सगळ्याच कचेऱ्यांत सगळेच अशी सही करतात, एवढंच. माझ्या सहीखाली साहेबांची झाली आणि टेम्पो भरून रद्दी गेली.

जुलैत एक बाई आणि तिची मुलगी दारात उभ्या राहिल्या. बाईच्या पायात रबरी चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. आधी खोलीत डोकावून तिने विचारलं, "बाय, अण्णा नाय का?"

"अण्णा निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. काय काम होतं?"

"आमी चामटोलीच्या वरल्या अंगच्या वाडीची. मी चांगुणा, ही माजी पोर वनिता. हिच्या पणज्याचा जनम तुमच्या बुकात हाय, त्याचा कागूद पायजे."

वनिता पुढे झाली. "मॅडम, माझं नर्सिंगला नाव लागलंय, सरकारी कॉलेज. पण व्हॅलिडिटी सबमिट नाय केली तर सीट कॅन्सल. जात पडताळणी समितीने कोतवाल बुकची नक्कल मागितलीय. बारा दिवस आहेत फक्त. काकांनी मागे काढली होती, पण ती पुरात भिजली, काहीच वाचता येत नाय."

मी सूची काढली. गावाचं नाव सापडलं, बुकाचा क्रमांक सापडला, आणि त्या क्रमांकावरून लाल शाईची आडवी रेघ गेलेली. पुढे शेरा: नष्ट. मला वाटलं, रेघ मारताना कुणाची तरी ओळ चुकली असेल. आणि खोटं कशाला सांगू, माझा हात सवयीने कोऱ्या कागदाकडेच गेला. 'सदर अभिलेख' एवढं लिहूनही झालं होतं.

"बाई, तुमचं बुक दिसत नाही हो इथे."

"आसा कसा दिसत नाय? मी सोता बगितलाय. दिराच्या टायमाला अण्णांनी काडून दावला. त्याच्यावं निळा क हाय, येवढा." चांगुणाबाईंनी तळहात पसरून दाखवला. "मना वाचाया येत नाय, पन तो क मना वलखू येतो. अण्णा बोलला व्हता, ह्यो तुमचा क."

माझ्या हातातलं पेन तिथेच थांबलं. निळा क. पाटीवरचं अक्षर तर वाचायचंय, असं साहेब म्हणाले होते. उजव्या कोपऱ्यातलं काळ्या शाईचं अ ओलीने आणि वाळवीने कधीच गेलेलं, आणि मध्ये अण्णांचा निळा क ठसठशीत. दहा वर्षं, मग रद्दी.

शिपाई शेलारला घेऊन मी अख्खी खोली पालथी घातली. निळ्या म चे सगळे बस्ते होते. सरकारात म नावाचा वर्गच नाही, म्हणून एजन्सीच्या माणसांनी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. निळ्या क चा एकही नव्हता. मी बाहेर आले तेव्हा मायलेकी बाकावर सरळ बसून माझ्याकडे बघत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

गेटपासवर रद्दी नेणाऱ्याचं नाव होतं, उल्हासनगर कॅम्प चार. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि दोघींना घेऊन रिक्षाने तिथे गेले. शिवणयंत्रांची घरघर चाललेल्या गल्लीच्या टोकाला पत्र्याचं गोदाम, आणि दारात खुर्ची टाकून बसलेला साठी उलटलेला सिंधी गृहस्थ, लच्छूशेठ.

"मार्च का माल? वो तो कब का मिल में गया, मॅडम."

मी तिथल्याच एका गठ्ठ्यावर टेकले. एवढ्यात तेच म्हणाले, "लेकिन आप ढूँढती क्या हो?"

"जुन्या वह्या होत्या. कापडी बांधणीच्या."

"अरे, वो बही! बही थोड़ी ना दिया मिल में. आओ."

आतल्या बाजूला भिंतीला लागून लोखंडी रॅक होता. खाली विटा, वर प्लास्टिक, प्रत्येक कप्प्यात डांबरगोळ्या. त्यावर माझे बस्ते नीट ओळीने उभे होते. ज्या रॅकसाठी मी नोकरीभर अर्ज केले, तो मला कॅम्प चारच्या रद्दीवाल्याकडे भेटला. मला रडू आवरेना, आणि ते दुःखाचं नव्हतं, सरळ संतापाचं होतं.

लच्छूशेठ आपल्याच नादात सांगत होते. "पुरानी बही मिल वाला लेता नहीं, कपड़ा-गोंद निकलता है. और मैं वैसे भी फाड़ता नहीं. मेरा बाबा सिंध से आया, तो घर का, दुकान का, सब कागज उधर रह गया. बोलता था, लच्छू, किसी का पुराना कागज आए तो थोड़ा टाइम रख, कोई ढूँढता आएगा. इतने साल रखा, साईं, कोई आया नहीं. आप पहली हो."

नियमाने असे कागद फाडूनच रद्दीत द्यायचे असतात. ते फाडायचं यंत्र घ्यायला आम्हाला अनुदान नव्हतं, म्हणून अख्खेच गेले होते. अनुदान न मिळाल्याचा फायदा झालेला माझ्या नोकरीतला हा एकच प्रसंग.

तोवर चांगुणाबाई रॅकपुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पाट्यांवर बोट फिरवत एका बस्त्यापाशी थांबल्या. "ह्यो."

गाठ सोडली. मोडीतली ओळ लावायला मला वेळ लागला. वनिताच्या पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, पुढे 'क. ठाकर'. मी मोठ्याने वाचलं. वनिताने मोबाइलवर फोटो काढला, मी काढू दिला. चांगुणाबाई म्हणाल्या, "वाच, आजून एकडाव वाच." मी पुन्हा वाचलं.

निळ्या क चे सगळे बस्ते घेऊन निघताना लच्छूशेठ आडवे आले. "ले जाओ, लेकिन मेरे को लिख के दो. मैंने लिलाव में लिया है, कल कोई बोलेगा चोरी का माल रखा था."

"शेठ, कसं लिहून देऊ? कागदोपत्री हे बुक अस्तित्वातच नाही. ते नष्ट झालंय."

"तो मेरे पास चार महीने से क्या पड़ा था?"

मी साध्या कागदावर लिहिलं: कोतवाल बुक नग अमुक, यांच्याकडून सुस्थितीत परत मिळाली. खाली सही केली. या वेळी एकेक बस्ता उघडून पाहिला होता.

कचेरीत आल्यावर खरी अडचण सुरू झाली. नकलेवर बुकाचा सूचीतला क्रमांक घालावा लागतो, आणि त्या क्रमांकावर लाल रेघ. साहेबांनी बुक उलटसुलट करून पाहिलं. "मॅडम, हे पुस्तक नाही."

"तुमच्या हातात आहे साहेब."

"हातात आहे. रेकॉर्डवर नाही. तुम्ही त्यांना आढळून येत नाही म्हणून पत्र देऊन टाका, ते नियमात बसतं. बुकाचं आपण पुनर्स्थापनेचा प्रस्ताव करून वर पाठवू."

"प्रस्ताव वरून कधी येतात ते मला विचारा. त्या पोरीला अकरा दिवस आहेत."

"मग यादी चुकीची होती असं कुणीतरी लिहून द्यावं लागेल."

"मी देते."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमचे आठ महिने राहिलेत. चौकशी लागली की पेन्शन अडकतं. आणि तुमच्या सहीखाली माझी आहे."

"मी माझ्यापुरतंच लिहीन."

खुलासा दीड पानाचा झाला. 'मी प्रत्यक्ष कोणतीही संचिका उघडून न पाहता, पाहिली असे नमूद करून सही केली' हे वाक्य लिहायला मला दुपार लागली. नोकरीभर दुसऱ्यांचे कागद जपले आणि माझ्या हातचा सगळ्यात खरा कागद हा निघाला, याची लाज वाटली. घरी यजमान म्हणाले, "तू एकटीनेच कशाला?" बाकीच्यांचं बाकीचे बघतील, असं मी म्हटलं. त्यांनी बघितलं नाही, हे सांगायला नकोच.

लच्छूशेठना दिलेल्या पावतीची झेरॉक्स खुलाशाला जोडली. लाल रेघेखाली 'नष्ट हा शेरा रद्द' असं लिहिलं गेलं, त्याखाली सह्या. आठव्या दिवशी नक्कल मिळाली, शेवटच्या दिवशी वनिताची व्हॅलिडिटी जमा झाली. सीट राहिली. मला कारणे दाखवा नोटीस आली ती त्याच आठवड्यात. नोटिसा काढण्याचं एकच काम आमच्याकडे कधी निधीवाचून अडलेलं मी पाहिलं नाही.

पुढे मायलेकी एकदा सांगायला आल्या. वनिताच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं. चांगुणाबाईंची नजर माझ्या टेबलावरच्या बस्त्याकडे गेली. ते बुक मी टेबलावरच ठेवत होते, दुसरी जागाच नव्हती.

"बाय, आता ह्या बुकाचा काय? वाडीत आजून पोरां हायत शिकनारी."

"काळजी करू नका. ते आता इथेच राहील."

"तवाबी हितंच व्हता ना, बाय."

त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. त्या गेल्यावर मी एक कागद घेतला आणि अण्णांनी सांगितलं होतं ते इतक्या वर्षांनी टिपून ठेवलं: पाटीवरील निळा क म्हणजे क ठाकर, निळा म म्हणजे म ठाकर, दोन्हींचा वर्ग अ. प्रत्येक बस्त्यात त्याची एकेक प्रत घातली आणि पाट्यांच्या कोपऱ्यात काळ्या शाईने पुन्हा अ घातला.

मागच्या महिन्यात पेन्शनची चौकशी करायला कचेरीत गेले होते. माझ्यावरची चौकशी अजून 'प्रगतिपथावर' आहे. माझ्या जागी बदलापूरचा एक गृहस्थ आला आहे, कामाला नेटका वाटला. रॅक आलेला नाही. कुंड्या गळतीखाली आहेत. "मॅडम, रॅकचा प्रस्ताव पाठवायचाय, काय लिहू?" त्याने विचारलं. म्हटलं, माझा जुना मसुदा आहे, तारीख तेवढी बदला, आणि उंची विसरू नका.

मग त्याने कपाटातून एक कागद काढला. माझा दीड पानी खुलासा. "हा लावायचा राहिलाय. नोटिशी-खुलाशांचे असले आस्थापनेचे कागद क मध्ये टाकतो ना आपण? दहा वर्षं?"

"अ घाला."

"अ म्हणजे कायमचा, मॅडम. तुमची चूक कायमची राहील."

"राहू दे. आणि आस्थापनेत नका लावू, त्या बुकाच्या बस्त्यात घाला. सगळ्यात वर."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कोपऱ्यात काळ्या शाईने अ काढला. गाठ मी स्वतः मारली. यापुढे चांगुणाबाईंच्या वाडीतलं कुणी नोंद काढायला आलं, की बस्ता सोडणाऱ्याच्या हाती आधी माझी चूक लागेल आणि तिच्याखाली त्यांचा क.